जुनी फोर बाय फोर कॅम्पर वावरासाठी घेऊ का? अन् घेतली तं पैसा आधी कुठी लावू?

वावरातला_पोरगा (घाटंजी)

नमस्कार मंडळी. आमचं वावर गावापासून तीन-साडेतीन किलोमीटर आत हाय अन् मधातली पांदण मृगाचे दोन पाणी पडले की दिवाळीलोक बंद. काळी माती, बंडी जाते, ट्रॅक्टर जाते, बाकी काहीच जात नाही. बाबा रोह्या-डुकरांसाठी जागलीले जातात तं मोटरसायकल नाल्याजवळ ठेवून पायी जावं लागते. खत न्यायचं, फवारणीचे ड्रम न्यायचे, कापसाचे चुंगडे आणायचे, प्रत्येक खेपीले ट्रॅक्टर काढणं परवडत नाही आणि ट्रॅक्टर घेऊन कोणी यवतमाळले बियाणं आणायला जात नाही.

एक गाडी पायली आहे. २०११ ची बोलेरो कॅम्पर, डबल केबिन, फोर व्हील ड्राइव्ह, डीआय इंजिन, एमएच २९ पासिंग, पिवळी पाटी. मालक दोन लाख साठ हजार म्हणून रायला. इंजिन चांगलं वाजते, पत्र्याले जंग आहे, टायर चारही वेगवेगळे. फोर व्हीलचा गिअर पडते म्हणते तो, पण वापरून पाच-सात वर्षं झाले असतील.

माह्याजवळ गाडी घेतल्यावर सत्तर-ऐंशी हजार राहतील. मनात आहे की मोठे टायर, थोडी लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं), समोर एलईडी बार आणि लोखंडी बंपर करावं. बरोबर आहे का? जाणकारांनी सांगावं, पैसा कापसाचा आहे, परत परत येत नाही.

जुना_डिझेल (आर्वी)

बापू, आधी गाडी घ्यायच्या लायक हाय का ते पाय, बंपर-लाईट मंग पाहू.

इंजिनची चिंता कमी कर. २५२३ सीसीचं डीआय इंजिन सगळ्या विदर्भात कोणताबी मिस्त्री खोलते, सामान तालुक्याच्या दुकानात भेटते. फोर बाय फोरचं सामान मात्र सगळ्याकडं भेटत नाई, म्हणून तपासणी तिथीच जास्त करायची.

पयलं काम, मोकळ्या वावरात, डांबरी रोडवर नाई, गाडी फोर-एच मंदी (चारही चाकं ओढतात तो साधा गिअर) टाकून हळूहळू गोल फिरव. पुढचे चाकं माती ओढतात का ते उतरून पाय, दुसऱ्याले चालवाले सांग. मंग फोर-एल (चारही चाकं, हळू पण जास्त ओढीचा गिअर) टाकून चढावर सोड. लीवर टाकल्यावर खडखड करते का, एक्सलेटर सोडला की लीवर आपोआप बाहेर येते का. येत असन तं ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकाले ताकद वाटणाऱ्या डब्याचं) काम निघालं समज.

दुसरं, हे कोणी सांगत नाई. जुन्या गाडीत मागचं क्राऊन-पिनियन (मागच्या चाकाले फिरवणारी गिअरची जोडी) गेलं की मिस्त्री टू व्हील पिकअपचं उचलून बसवते. टू व्हीलमंदी गाडी मस्त चालते, पण पुढचा अन् मागचा रेशो येगळा झाला तं फोर व्हील टाकल्यावर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकाशी भांडतात, अन् त्या भांडणात ट्रान्सफर केस फुटते. तपासणं सोपं हाय. गिअर न्यूट्रल, फोर व्हील काढलेलं, बाकीच्या चाकाले मोठे दगड लाव. मागचं एकच चाक जॅकवर उचल, दुसरं जमिनीवर राहू दे. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरव अन् प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून चाकाकडं जाणाऱ्या लांब दांड्यावर) खडूची खूण करून तो किती फेरे फिरते ते मोज. तोच त्या अ‍ॅक्सलचा रेशो. पुढंबी तसंच कर. हबले (चाकाच्या मधल्या भागाले) लॉक असन तं लॉक करून कर, नाईतर शाफ्ट फिरणारच नाई. दोन्हीकडचा आकडा सारखा आला पायजे.

तिसरं, दोन्ही डिफरन्शियलचा (दोन चाकाच्या मधातल्या गिअरच्या गोळ्याचा) लेव्हल प्लग खोलून बोट घाल. तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तं आत पाणी गेलं हाय.

अन् चेसीस. हौद्याखाली, मागच्या शॅकलच्या (कमान पाटा चेसीसले जोडणाऱ्या कडीच्या) जागी, स्क्रू ड्रायव्हरनं टोचून पाय. पत्र्याचा जंग पुटीन-रंगानं झाकता येते. चेसीसवर वेल्डिंगचे थर दिसले तं भाव करू नोको, घरी ये.

नागपुरी_फोर_बाय_फोर

भाई घेऊन टाक, असली गाडी आता भेटत नाही. मी म्हणतो सरळ ३१ इंची मड टेरेन (चिखलाचे) टायर टाक, दोन-अडीच इंच लिफ्ट, स्नॉर्कल (इंजिनसाठी वरून हवा घेणारा पाईप). आमच्या ग्रुपमध्ये अशा दोन गाड्या आहेत, बघायलाच भारी वाटतात आणि कुठेही घुसतात.

बजेट थोडं वाढवता आलं तर जुनी स्कॉर्पिओ गेटअवे फोर बाय फोर नाहीतर झेनॉन पण पाहा, ताकद बरीच जास्त आहे. २०१६ नंतरच्या व्ही-क्रॉस पण सेकंड हँडमध्ये येतात, पण त्या तुझ्या बजेटमध्ये नाही येणार.

कागद_पक्के (अकोला)

मशीनचं बाकीचे सांगतील, मी कागदाचं सांगतो कारण जुन्या पिकअपमध्ये माणूस तिथेच जास्त अडकतो.

पिवळी पाटी म्हणजे मालवाहू वाहन. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागते. फिटनेस कधी संपली, पर्यावरण कर भरला आहे का, किती चलान बाकी आहेत, हे आरसीच्या नंबरावरून आधी बघून घ्या आणि ती थकबाकी किमतीतून कापा. फायनान्स चढलेला असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असती तर फॉर्म २८ ची एनओसी पण लागली असती, तुमचं काम यवतमाळातच आहे म्हणून सोपं. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे तर नवीन हाय सिक्युरिटी पाटी बसवली आहे का तेही बघा. चेसीस नंबर स्वतः डोळ्यांनी वाचा, घासून पेन्सिलीने कागदावर उतरवा, आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा.

आता लोखंडी बंपर. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड, बुल बार बेकायदेशीर आहेत असं राज्यांना कळवलं, तेव्हापासून दंड होतो. फिटनेसला गाडी नेली की तो काढूनच यावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत, म्हणजे आरसीवर जे नोंदलेलं आहे त्यात, बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं. खूप मोठे टायर आणि लिफ्ट याच कलमात येतात. आणखी एक, इन्शुरन्सवाल्याला न सांगता केलेला बदल अपघाताच्या दाव्याच्या वेळी बाहेर निघतो. फिटनेसला रिफ्लेक्टरची पट्टी, हॉर्न, सगळे लाईट, हँडब्रेक चालू लागतात हेही लक्षात ठेवा.

मेळघाट_फेरी (धारणी)

नागपूरच्या भाऊंना एक सांगायचं आहे, राग मानू नका. तुमची माती वेगळी आणि घाटंजीची काळी माती वेगळी. आमच्या मेळघाटात सेमाडोह-हरिसाल बाजूला दगड, मुरूम, चढ. तिथं चाकाला खाली पकड भेटते, रुंद टायर चालतो. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचेत भरून बसते. एकदा खाच भरली की मड टेरेन असो की ऑल टेरेन (सगळ्या रस्त्यांचा), टायर गोटा होऊन जातो.

काळ्या मातीत अरुंद टायर चांगला. वरचा लोण्यासारखा थर कापून खालच्या कडक मातीपर्यंत जातो. बंडीचं चाक अरुंद आणि उंच असते ते उगाच नाही. खाचा मोठ्या, एकमेकांपासून लांब आणि बाजूला उघड्या पाहिजे, म्हणजे चाक फिरलं की चिखल फेकला जातो. बारीक नक्षीचा ऑल टेरेन हायवेवर गोड चालते, पांदणीत फसते.

आणि ३१ इंची चं गणित करून पाहा. २१५/७५ आर १५ टायरची उंची साधारण ७०३ मिलिमीटर. ३१ इंच म्हणजे ७८७. म्हणजे प्रत्येक गिअर बारा टक्के लांब झाला. या इंजिनची ताकद साठीच्या आसपास हॉर्सपॉवर, त्यातून दहा-अकरा टक्के ओढ काढून घेतली तर फोर-एल मध्येही क्लच अर्धा दाबून चालवत बसावं लागेल. मोठं करायचंच असेल तर २३५/७५ आर १५ पर्यंत जा, ७३३ मिलिमीटर होते, मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्ट चालत असेल, बस. तेही आधी आरटीओत चालते का विचारून.

चारही टायर एकाच साईजचे, एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. पुढे नवीन आणि मागे घासलेले असले तर फोर व्हीलमध्ये तेच भांडण होते जे काकांनी रेशोचं सांगितलं.

हिशोबी_कास्तकार (दारव्हा)

मी उलट प्रश्न विचारतो, फोर व्हील पाहिजेच कायले? आमच्याकडं साधी टू व्हील पिकअप आहे, हौद्यात रेतीची चार पोती टाकली की मागच्या चाकावर वजन येते अन् बरीचशी पांदण निघून जाते. फोर व्हीलचा मेंटेनन्स कोण करन? पुढचा अ‍ॅक्सल, दुसरा प्रोपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केस, सगळं डिझेल खाते. तुमच्या पांदणीचा प्रस्ताव शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत टाका ग्रामपंचायतीतून, मुरूम पडला की मोटरसायकलबी जाईन.

वावरातला_पोरगा

दादा प्रस्ताव टाकलेला आहे, अतिक्रमणाची मोजणी राहिली आहे, दोन धुऱ्यावाले सही करून नाही रायले. तोपर्यंत वावर थांबत नाही ना. आणि टू व्हील पिकअप शेजारच्यांची आहे, ती श्रावणात नाल्याच्या चढावर दरवेळी ट्रॅक्टरनं ओढून काढतो आम्ही.

काल गाडी पायली, काकांनी सांगतलं तसं सगळं केलं. रेशो दोन्हीकडं सारखा निघाला. पुढचे चाकं ओढतात. फोर-एल पडते, बाहेर येत नाही. मागच्या डिफरन्शियलचं तेल स्वच्छ काळं, पुढच्याचं मात्र चहासारखं निघालं. पुढं सरळ अ‍ॅक्सल आणि कमान पाटे आहेत, चाकाजवळच्या गोळ्यातून (चाक वळते तिथल्या) तेल गळून रायलं. ब्रेक दोन पंप मारल्यावर लागते. चेसीसवर वेल्डिंग नाही, वरवरचा जंग आहे. पर्यावरण कर थकला आहे आणि फिटनेस संपून वर्ष झालं. हे सगळं मालकासमोर कागदावर मांडलं तं दोन लाख पाचवर आला, कराची थकबाकी तो भरणार. पैसे देऊन गाडी घरी आणली, नाव बदलायचा अर्ज टाकला. बाबांनी हार घातला, आईनं लिंबू-मिरची बांधली.

आता सांगा, सत्तर हजारात कुठून सुरू करू?

जुना_डिझेल

अभिनंदन रे पोरा. भाव चांगला केला.

सुरू कर ब्रेकपासून. चारही चाकं खोल. मागच्या ड्रमातले व्हील सिलिंडर, पुढचे कॅलिपरचे किट, रबरी होज पाईप, सगळं नवं, मास्टर सिलिंडर पायून घे. ब्रेक ऑइल पूर्ण बदलव, जुनं तेल हवेतलं पाणी ओढते अन् घाटात उकळते. अन् आल्टरनेटरच्या मागं व्हॅक्यूम पंप हाय, त्याले आपले लोकं एक्झॉस्टर म्हणतात. त्याच्यावर ब्रेकचा बूस्टर चालते. त्याचा पाईप कडक झाला असन तं बदल, नाईतर पॅडल दगड होते.

मंग पुढचा अ‍ॅक्सल. गोळ्याचे सील, आतले अ‍ॅक्सल शाफ्टचे सील, पिनियन सील, सगळे एकाच खोलण्यात बदल, मजुरी एकदाच लागन. पाणी गेलेलं तेल काढ, डिझेलनं धू, नवं ईपी ९० जीएल-५ भर. गिअरबॉक्समंदी मात्र पुस्तकात लिहिलं तेच टाक. जीएल-५ मधलं औषध पितळी सिंक्रो रिंग खाते, दुकानदार एकच डबा दोन्हीसाठी देते, घेऊ नोको.

ग्रीसिंग पांदणीत चालणाऱ्या गाडीले महिन्यानं लागते, पावसात पंधरा दिवसानं. युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस, शाफ्टची स्लिप जोड, कमानीचे शॅकल पिन. नवीन ग्रीस आत गेलं की जुनं ग्रीस अन् चिखल बाहेर येते, तो येईलोक मारायचं.

मंग रेडिएटर. आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री. फोर-एल मंदी गाडी हळू चालते, समोरून वारा नाई, इंजिन फुल्ल जोरात. रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्या आतून साफ) करून घे, चिखल-भुसा भरला असन बाहेरच्या जाळीत. कूलंट टाक, बोअरचं खारं पाणी नोको. अन् कोणी मिस्त्री म्हणन की थर्मोस्टॅट काढून टाकतो मंजे गरम होणार नाई, त्याले काढू देऊ नोको. हिवाळ्यात इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त जळते अन् लायनर झिजते.

एवढ्यावर जे उरन त्यात टायर. लाईट, बंपर सगळ्यात शेवटी.

वरुडची_बाग

मी संत्र्यावाली. आमच्याकडे अशीच जुनी कॅम्पर आहे, मी स्वतः चालवते म्हणून लिहिते.

कमान पाट्यांबद्दल कोणी बोललं नाही. क्रेटचा माल भरतो म्हणून पाटे वाढवायची घाई करू नका. पाटे वाढवले की गाडी रिकामी असताना मागून उडते, मागच्या चाकाला पकड राहत नाही आणि पांदणीत तेच तर पाहिजे. वाकलेले पाटे लोहाराकडून परत घडवून घ्या, तुटलेला पाटा बदला, बुश नवीन टाका, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवीन टाका. यू बोल्ट थोडी गाडी चालवल्यावर परत कसावे लागतात, हे मिस्त्री सांगत नाहीत. आरसीवर जेवढं वजन लिहिलं आहे तेवढंच भरा. ओल्या पांदणीत त्याच्याही अर्धंच.

आणि भाऊ, मजूर बायांना हौद्यात बसवून नेऊ नका. सगळे नेतात, मला माहीत आहे. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणूस नेणं कायद्यात बसत नाही आणि इन्शुरन्स पण त्यांचं काही देत नाही, गाडी उलटली तर त्या बाईच्या लेकरांचं कोण पाहील? डबल केबिन आहे तर सीटवर जेवढ्या मावतील तेवढ्या न्या, दुसरी फेरी मारा. सीट बेल्ट नसतील तर सत्तर हजारातून आधी ते बसवा. मला हे लाईट-बंपरपेक्षा फार महत्त्वाचं वाटते.

वावरातला_पोरगा

ताई बरोबर आहे तुमचं. मागच्या सीटचे बेल्ट तुटलेले होते, ते यादीत सगळ्यात वर घेतले. निंदणाले बाया येतात त्यात आमची काकू पण असते.

नागपुरी_फोर_बाय_फोर

ओके, ३१ इंची टायरचं गणित पटलं. पण लिफ्टवर माझं मत कायम आहे. पांदणीत मधला उंचवटा असतो ना, दोन चाकोऱ्यांच्या मधात, तो डिफरन्शियलला लागतो. लांब शॅकल टाकले की स्वस्तात दोन इंच उंची येते.

मेळघाट_फेरी

भाऊ, शॅकलनं चेसीस उचलते, डिफरन्शियल नाही उचलत. डिफरन्शियलचा गोळा अ‍ॅक्सलवर आहे आणि अ‍ॅक्सल टायरवर उभा आहे. त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरनं वाढते. मधला उंचवटा लागतो तो गोळ्यालाच.

वरून पुढच्या कमानीच्या पुढच्या टोकाला शॅकल असेल आणि तिथं लांब शॅकल टाकला तर अ‍ॅक्सल फिरते, कॅस्टर अँगल (चाक वळायच्या खिळीचा मागचा कल) कमी होते आणि गाडी हायवेवर स्टिअरिंग सोडलं की सरळ येत नाही, इकडं-तिकडं पळते. शॅकल दुसऱ्या टोकाला असेल तर उलट होते, स्टिअरिंग जड होते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढते, क्रॉस लवकर जातात. ब्रेकचे होज ताणतात. लिफ्ट दगडाच्या रस्त्यावर कामाची असते, चाक खाली-वर जास्त जायला पाहिजे तिथं. घाटंजीच्या पांदणीत दोन्ही बाजूचे चाकं चाकोरीत ठेवण्यापेक्षा एक चाक उंचवट्यावर आणि एक बाहेरच्या काठावर ठेवून चालवा, काम भागते.

सिरोंचा_रोड

आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्यापेक्षा नाले जास्त, भामरागड-एटापल्लीकडे जाणं म्हणजे पाण्याचा अंदाज घेत जाणं. म्हणून पाण्याचं सांगतो.

स्वस्तात सगळ्यात मोठा फायदा ब्रीदरचा. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांना हवा जायला बारीक ब्रीदर असतो. गाडी चालून अ‍ॅक्सल गरम झालेला असतो, नाल्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून पाणी आत ओढते. तुमच्या पुढच्या डिफरन्शियलचा चहा असाच झाला असेल. ब्रीदरला डिझेल होज लावून बॉनेटखाली उंच न्या, टोकाला छोटा फिल्टर लावा. हजार रुपयांच्या आत काम होते.

डिझेल गाडीला स्पार्क नाही म्हणून पाण्यात बंद पडत नाही असं लोक समजतात. एअर फिल्टरचं तोंड पाण्यात गेलं की सिलिंडरमध्ये पाणी शिरते, पाणी दाबल्या जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकते. त्या वेळी परत परत सेल्फ मारला तर उरलेलं इंजिन पण जाते. स्नॉर्कल लावला तरी त्याचे जोड हवाबंद नसले तर काही अर्थ नाही. पाण्यातून निघाल्यावर ब्रेक हळूहळू दाबत थोडं चाला, ड्रम वाळू द्या, दोन दिवसांत डिफरन्शियलचं तेल पाहा.

आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. फोर व्हील असो, ट्रॅक्टर असो. वाहत्या पाण्यात गाडी तरंगायला लागली की चारही चाकांचा उपयोग शून्य. जुलै २०२२ मध्ये सावनेर तालुक्यात नाल्याच्या पुलावरून पाणी चाललं असताना गाडी घातली, माणसं वाहून गेली. आमच्याकडे तर लोक दोन-दोन दिवस थांबतात. तुमच्या पांदणीतला नाला किती खोल आहे ते उन्हाळ्यात पायी उतरून पाहा, काठीवर खूण करून ठेवा, त्या खुणेच्या वर पाणी असलं की गाडी अलीकडेच ठेवायची.

वावरातला_पोरगा

मंडळी, मधात पेरणी होती म्हणून उशीर झाला. पहिल्या पावसाच्या आधी एवढं झालं: ब्रेक पूर्ण, पुढच्या अ‍ॅक्सलचे सगळे सील, ब्रीदर वर नेले, रेडिएटर, सीट बेल्ट, मागच्या कमानी घडवून घेतल्या, आणि चार सारखे टायर, २१५ चेच, मोठ्या उघड्या खाचांचे. फिटनेस पास झाली. लाईट बार नाही घेतला, जुन्या हेडलाईटचे रिफ्लेक्टर आणि वायरिंग बदललं, रिले टाकला, तेवढ्यातच रात्रीचं दिसणं दुप्पट झालं. बंपर नाही. त्याऐवजी पुढं-मागं चेसीसला पक्के हुक लावले.

आणि ती चालली! सोयाबीन पेरल्यावर जो मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी खताच्या बॅगा घेऊन पांदणीतून वावरात गेलो. बाबा शेजारी बसले होते, पूर्ण रस्ताभर काही बोलले नाही, वावरात उतरल्यावर टायरले हात लावून पायला त्यांनी. आता जागलीले गाडीनंच जातात अन् केबिनमंदीच झोपतात, जमिनीवर सापाची भीती नाही, हे मले सगळ्यात मोठं वाटते.

दोन प्रश्न. एक, नाल्याच्या चढावर एक पुढचं आणि एक मागचं चाक नुसतं फिरते, बाकीचे दोन उभे. दोन, घाटंजी रोडवर पन्नास-पंचावन्नच्या वर स्टिअरिंग जोरात थरथरते, आधी नव्हतं.

मेळघाट_फेरी

चढाचं मी सांगतो. दोन्ही डिफरन्शियल ओपन आहेत म्हणून जे चाक हलकं पडलं तिकडं सगळी ताकद जाते. खात्री करायची असेल तर मागचे दोन्ही चाकं उचलून एक हातानं फिरवा, दुसरं उलट फिरलं म्हणजे ओपन. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक) महाग पडेल. चाक फिरायला लागलं की एक्सलेटर तसाच हलका ठेवून डाव्या पायानं ब्रेक थोडासा दाबा, फिरणारं चाक अडते आणि ताकद दुसरीकडं जाते. फोर-एल, दुसरा गिअर, आणि चढ लागायच्या आधीच टाकायचं, अर्ध्यात गिअर बदलायला थांबलात की संपलं. टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवा, पण गाडी रिकामी असतानाच, आणि रोडवर यायच्या आधी परत भरा. पायपंप नाहीतर बारा व्होल्टचा पंप गाडीत ठेवा.

फसलीच तर चाक फिरवत बसू नका, गाडी पोटावर बसते. चाकासमोर पऱ्हाट्या टाका आडव्या, जाड थर. सुक्या पऱ्हाटीचं मुळाकडचं टोक टायरच्या बाजूला घुसते म्हणून तो भाग टायरकडं ठेवू नका. ट्रॅक्टरनं ओढताना साखळदंडावर ओलं पोतं टाका आणि लेकरांना लांब उभं करा, तुटलेली साखळी माणूस मारते.

जुना_डिझेल

थरथरीचं आधी सोपं पाय. चारही रिमच्या आतल्या बाजूनं काळी माती वाळून बसली असन, एकाच जागी थर झाला की चाकाचा बॅलन्स जाते. पाण्याच्या जोरानं धुऊन काढ, आतून, हात घालून.

वावरातला_पोरगा

काका, धुतलं. एका चाकातून मातीची अख्खी ढेप निघाली. साठपर्यंत एकदम शांत झाली आता. पण खड्ड्यात पुढचं चाक आदळलं की अजून दोन-तीन झटके हात हलवते, मंग थांबते.

जुना_डिझेल

मंजे बाकीचं किंगपिनमंदी (पुढचं चाक ज्याच्यावर वळते त्या खिळीमंदी) नाईतर व्हील बेरिंगमंदी हाय. पुढचं चाक उचल, वर अन् खाली धरून हलव. खेळ लागला तं दुसऱ्याले ब्रेक दाबाले सांग अन् परत हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तं व्हील बेरिंग कसायची हाय. तसाच रायला तं किंगपिनचे बेरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ दिसला तं टाय रॉडचे एंडबी पाय, स्टिअरिंग डॅम्पर टाकून झाकू नोको.

किंगपिन निघालं तं दोन्ही बाजूचं किट एकदमच घे, शिमचा (पातळ चकत्यांचा) जोड बरोबर बसवून, चाक जॅकवर असतांना हातानं वळवलं तं थोडं जड वळलं पायजे, ढिलं नाई अन् अडकूनबी नाई. गोळ्याचे सील आत्ताच बदलले होते नं, खोलतांना ते सांभाळून काढाले सांग मिस्त्रीले, समोर उभा राय. कपाशीचा पहिला वेचा घरी आला की करून घे, तोपर्यंत पन्नासच्या आत चालव.